मदत हवी आहे: मोठ्या भोकाची ४५ची तबकडी लावली की सूर हेलकावतो

नमस्कार मंडळी,

रेकॉर्डमधल्या जाणकारांची मदत हवी आहे. माझा मामा १९७४ साली मिशिगनला शिकत होता. परतताना त्याने एक सात इंची, ४५ची (मिनिटाला ४५ फेरे घेणारी) तबकडी आणली: ब्रिटिश गिटारवादक-गायक एरिक क्लॅप्टनचं 'आय शॉट द शेरीफ', मागच्या बाजूला 'गिव्ह मी स्ट्रेंग्थ'. मामा आता नाही. पुढच्या महिन्यात मामीला पंचाहत्तर पूर्ण होतील, तेव्हा तिला हे गाणं याच तबकडीवरून ऐकवायचं आहे. मोबाइलवर ते आहेच. पण या तबकडीवर दुसऱ्या कडव्यात एक ओरखडा आहे, तिथे पाठोपाठ तीनदा 'टक्' होतं. मोबाइलवर ऐकतानाही मामी नेमकी त्या जागी टेबलावर तीनदा बोट आपटते.

मामा या गाण्याबद्दल भरभरून बोलायचा. गाणं मूळचं बॉब मार्लीचं, त्याच्या वेलर्स या बँडच्या १९७३च्या 'बर्निन' अल्बममधलं. हेरॉइनच्या विळख्यातून सुटून क्लॅप्टन मायामीच्या क्रायटेरिया स्टुडिओत पुन्हा कामाला लागला, तेव्हा जॉर्ज टेरी या साथीच्या गिटारवादकाने तो अल्बम सगळ्यांना ऐकवला. रेकॉर्डिंग झालं तरी क्लॅप्टनचं मन मानेना, वेलर्सच्या मानाने आपलं कमी पडलं असं त्याला वाटत होतं. बाकीच्यांनी धरून ठेवलं म्हणून ते बाहेर आलं आणि १४ सप्टेंबर १९७४च्या बिलबोर्ड या अमेरिकन लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं ठरलं. अमेरिकेत पहिल्या नंबरवर गेलेलं त्याचं हे एकच गाणं. मामा मात्र आधी मार्लीचं ऐकवायचा, मगच हे लावायचा.

आता अडचण. अमेरिकन ४५च्या तबकडीला मध्ये दीड इंचाचं भोक असतं आणि आमच्या जुन्या सुटकेस प्लेयरची खुंटी बारीक. भोकात बसवायची मामाची चकती हरवली आहे. मी जाड पुठ्ठ्याची कापून बसवली. गाणं वाजतं, पण सूर झोके घेतो. ड्रम-गिटारीत तेवढं कळत नाही, ऑर्गनचा लांब सूर आला की लगेच कळतं. दोष चकतीचा, मोटरवरून तबकडी फिरवणाऱ्या पट्ट्याचा की तबकडीच वाकली आहे, हे कसं ओळखायचं? आणि ती पुसायची कशाने? वर बुरशीचे पांढरे ठिपके आहेत.

प्रतिसाद १

तबकडी फिरताना सुईचा दांडा समोरून बघा. तो डावी-उजवीकडे डुलत असेल तर भोक मध्यावर नाही. वर-खाली होत असेल तर तबकडी वाकली आहे. दांडा स्थिर असून सूर हलत असेल तर पट्टा किंवा मोटर. मग एखादी एलपी लावली तरी तेच ऐकू येईल.

दुसरी खूण: ४५च्या गतीला एक फेरा साधारण १.३३ सेकंदाचा. झोका तेवढ्याच अंतराने येत असेल आणि गाणं संपत येईल तसा वाढत असेल तर चकतीच. आतल्या खाचांचं वर्तुळ लहान, त्यामुळे भोक तेवढंच सरकलेलं असलं तरी तिथे जास्त बाधतं. पुठ्ठा कात्रीने मध्यावर येणं कठीण. लेथवाल्याकडून नायलॉनची करून घ्या: बाहेरून ३८ मिमी, पण आधी तुमचं भोक व्हर्नियरने मोजा. आतलं भोक खुंटीच्या मापाचं, सव्वासात मिमीच्या आसपास.

प्रतिसाद २

पुसायच्या आधी एक सांगतो. त्या काळातल्या बऱ्याच अमेरिकन ४५ व्हिनाइलच्या नसून स्टायरीन या दुसऱ्या प्लास्टिकच्या असायच्या, त्यामुळे स्पिरिट अजिबात नको. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्याच्या साबणाचा एक थेंब, मऊ कापड, खाचांच्या दिशेने गोल, आणि लेबल कोरडं ठेवा. शिवाय स्टायरीन जड सुईने लवकर झिजतं. सुटकेस प्लेयरच्या सुईला दोन तोंडं असतात. ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डचं तोंड खाली नाही ना, ते आधी बघा. मामींच्या दिवसापर्यंत सारखी वाजवून बघू नका, तपासायला मागची बाजू वापरा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. दांडा डावी-उजवीकडेच डुलत होता, आणि सूर शेवटाकडे जास्त हलत होता. सुईचं तोंड ७८चंच होतं! बहुधा बाबांच्या जुन्या रेकॉर्डसाठी कुणीतरी फिरवून ठेवलं होतं. भोक ३८.२ भरलं. भोसरीतल्या एका लेथवाल्या काकांनी नायलॉनची चकती अर्ध्या तासात करून दिली, पैसे घेतले नाहीत, फक्त गाण्याचं नाव विचारलं. ठिपके साबणाच्या पाण्याने गेले. 'गिव्ह मी स्ट्रेंग्थ' आता सरळ वाजतं. पुढची बाजू अजून लावलेली नाही, ती मामीसमोरच लावेन.