१९६६ कॉर्व्हेट: साइड पाइपची कव्हर पांढरी पडली, रंग टिकत नाही, गरम झाल्यावर टकटक

प्रश्न
गाडी १९६६ ची शेव्हर्ले कॉर्व्हेट स्टिंग रे, एन-१४ (कंपनीचा ऑप्शन कोड) साइड एक्झॉस्टवाली, म्हणजे धुराचे पाइप दोन्ही बाजूंनी, वर ॲल्युमिनियमची कव्हर. ॲल्युमिनियम कव्हरांवर पांढरे डाग आणि बारीक खड्डे आहेत, मेटल पॉलिशने कितीही घासलं तरी चमक येत नाही. पाइपवर मारलेला हीटप्रूफ रंग पहिल्याच फेरीत फुगून सुटला. शिवाय इंजिन तापलं की उजवीकडून टकटक सुरू होते.

पाना१३
पॉलिश चालत नाही, कारण तुम्ही धातू नाही, वरचा ॲनोडायझिंगचा थर (विजेच्या प्रक्रियेने ॲल्युमिनियमवर चढवलेला ऑक्साइडचा संरक्षक थर) घासताय. तो फार कठीण असतो, आधी उतरवावा लागतो. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम कॉस्टिक सोडा. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर कधीच ओतायचं नाही. कव्हर त्यात बुडवलं की सुरुवातीला तुरळक बुडबुडे येतात. सगळीकडून सारखं फसफसू लागलं की थर गेला. कव्हर लगेच काढा, नाहीतर धातू खाल्ला जातो. हायड्रोजन निघतो, म्हणून काम उघड्यावर, गॉगल आणि रबरी हातमोजे घालून, जवळपास ठिणगी नको. मग भरपूर पाण्याने धुवा.

त्यानंतर क्रमाने ३२०, ४००, ६००, ८०० नंबरचा घासायचा पेपर, मग बफिंग (कापडी चाकावर चकाकी). खड्ड्यात पुटी भरू नका, उष्णतेने सुटते. चमक टिकवायची तर पुन्हा ॲनोडायझिंग करून घ्या. कव्हरच्या खाचांतला काळा रंग सगळ्यात शेवटी.

रंगाचा_डबा
रंग फुगला म्हणजे खाली गंज किंवा तेल राहिलं, नाहीतर कोट जाड झाला. ब्लास्टिंग (दाबाने वाळूसारखे कण मारून सफाई) करून कोरा धातू काढा, ॲसिटोनने पुसा, नंतर उघड्या हाताने शिवू नका. दोन-तीन पातळ कोट. मग टप्प्याने भाजणी: १२० अंश सेल्सिअसवर अर्धा तास, थंड होऊ द्या, २०० वर अर्धा तास, पुन्हा थंड, शेवटी ३१५ वर अर्धा तास. डब्यावर वेगळं लिहिलं असेल तर तेच पाळा. साधं पावडर कोटिंग इथे टिकणार नाही. पाइपला हीट रॅपची पट्टी तर नकोच. ओल धरते आणि पाइप आत न दिसता सडतो.

पाना१३
टकटक आधी नीट ओळखा. फ्लँजमधून (पाइप जोडायची बोल्टवाली कड) धुराची गळती असेल तर ती थंड इंजिनवर जास्त वाजते, तापल्यावर कमी होते. तुमचं उलट आहे, म्हणजे पाइप वाढायला जागा नाही. सव्वा मीटरचा साधा स्टील पाइप ४०० अंशांनी तापला की साधारण ६ मिमी लांबतो, स्टेनलेस ८ च्या वर. दोन्ही टोकं आवळलेली असतील तर तो अडकतो आणि झटक्याने सुटतो. पाइप धरणारा पुढचा ब्रॅकेट घट्ट, मागचा सरकता हवा. मागच्या ब्रॅकेटला गोल भोक आहे का?

प्रश्नकर्ता
हो, गोलच. ब्रॅकेट बॉडीकडचा, बोल्ट पाइपच्या कानाला.

पाना१३
मग ते भोक मागच्या दिशेला १२ मिमी लांबट करा. थंड असताना बोल्ट खाचेच्या पुढच्या टोकाला हवा, कारण पाइप मागे वाढतो. नट पूर्ण धातूचा लॉकनट घ्या, नायलॉनवाला वितळतो. वॉशर हाताने सरकेल इतकंच आवळा. आणि खोललंच आहे तर बॉडीकडची हीट शील्डही बघून घ्या, तिच्या मागे फायबरग्लासची बॉडी आहे, ती उष्णता सहन करत नाही.