डिसेबलर खोचला म्हणजे लिफ्टर वाचले, हे खरं नाही

व्हॅलीकव्हर
काल कोणीतरी ठाम लिहिलं: ‘सिल्व्हराडो घेतली की पहिल्याच दिवशी ओबीडी पोर्टात डिसेबलर खोचा, लिफ्टरची चिंता जन्मभर मिटली.’ हे वाचून लोक निर्धास्त होतात आणि ऑइलकडे बघणं सोडतात, म्हणून सविस्तर लिहितोय. सिल्व्हराडो ही जीएमची पिकअप. तिच्या इंजिनातली एएफएम यंत्रणा पेट्रोल वाचवायला आठपैकी चार सिलिंडर अधूनमधून बंद ठेवते; ओबीडी (निदानाच्या) पोर्टातला डिसेबलर ते बंद होऊ देत नाही. लिफ्टर म्हणजे कॅमशाफ्टच्या लोबवर (उंचवट्यावर) चालून व्हॉल्व्ह उघडणारा भाग.

५.३ लिटर व्ही८ मध्ये लिफ्टर दोन तऱ्हांनी जातो. पहिली तऱ्हा पिनेची. १, ४, ६ आणि ७ या सिलिंडरांचे लिफ्टर दोन भागांचे असतात आणि हे भाग स्प्रिंगवरच्या लॉक पिनांनी एकमेकांत अडकलेले असतात. व्हीएलओएमचा, म्हणजे या लिफ्टरांना ऑइल पोचवणाऱ्या भागाचा, सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह) उघडला की ऑइलचा दाब पिना आत ढकलतो, लिफ्टर आतल्या आत दबतो आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद राहतात. झिजेमुळे किंवा घाणीमुळे पिन परत बाहेर आली नाही की ते सिलिंडर कायमचं मिसिंग करतं.

दुसरी तऱ्हा रोलरची. लिफ्टरच्या तळाच्या रोलरमधलं नीडल बेअरिंग फुटतं किंवा गाइडमध्ये लिफ्टर तिरका फिरतो. मग रोलर गरगरायचं सोडून लोबवर घासायला लागतो, लोब खाल्ला जातो आणि लोखंडाचा चुरा ऑइलबरोबर इंजिनभर फिरतो. डिसेबलर पिनांची ये-जा थांबवतो. रोलरला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

फुलव्ही८
अर्धं बरोबर, पण निष्कर्ष उलटा. पिनांची मूळची स्थिती कोणती? लॉक. ऑइलचा दाब मिळाला नाही तर त्या लॉकच राहतात. म्हणजे डिसेबलर लावला की लिफ्टर आपल्या सर्वांत सुरक्षित स्थितीत पडून राहतो. हजारो वेळा आत-बाहेर करणारा भाग स्थिर ठेवला की तो जास्त टिकणारच, यात वाद कसला?

आणि पेट्रोल किती वाचतं तेही पाहा. २०२१ मध्ये चिप मिळेनात तेव्हा जीएमने काही ५.३ पिकअप या यंत्रणेच्या मॉड्यूलशिवाय बनवले आणि मायलेज गॅलनमागे १ मैल कमी होईल असं स्वतःच सांगितलं. वर्षाला १५,००० मैल आणि १७ च्या जागी १६ चं मायलेज धरलं तर फरक ५५ गॅलनचा. साडेतीन डॉलरचा भाव धरला तर दोनशे डॉलरही होत नाहीत. त्यासाठी हेड खोलायची जोखीम घ्यायची?

सतरापॅटर्न
व्हॅलीकव्हर, तुमचं १-४-६-७ फक्त एएफएमला लागू आहे. २०१९ पासून ५.३ च्या एल८४ आणि ६.२ च्या एल८७ इंजिनांत डीएफएम आलं, म्हणजे आठांपैकी कोणतंही सिलिंडर बंद करू शकणारी यंत्रणा. त्यात फायरिंगचे १७ पॅटर्न आहेत आणि सोळाच्या सोळा लिफ्टर पिनेचे आहेत. जुन्या ट्रकचं ज्ञान नव्या ट्रकवर लादू नका. तिथे पिनेचा धोका आठांवरून सोळांवर गेला, म्हणजे डिसेबलरची बाजू भक्कमच झाली.

व्हॅलीकव्हर
डीएफएमबद्दल मान्य, ते वेगळं लिहायला हवं होतं. पण रोलर डीएफएममध्येही सोळाच आहेत आणि त्यांच्याबद्दल अजून दोघांपैकी कोणीच बोललेलं नाही.

डिपस्टिक
सोलेनॉइडवर भांडण चाललंय आणि मूळ दुखणं ऑइलचं आहे. कॅम आणि रोलरला ऑइल मुख्यतः उडूनच मिळतं. तासन्‌तास आयडलवर उभा असलेला ट्रक मैल कमी दाखवतो, पण रोलर सर्वांत कोरडा तेव्हाच चालतो. ऑइल लाइफचा टक्का पाहून ऑइल बदलणाऱ्यांना सांगा की तो आकडा फेरे, तापमान वगैरेंवरून काढलेला हिशेब आहे. सेन्सर ऑइल चाखून बघत नाही. २०१४ नंतरच्या ५.३ मध्ये ८ क्वार्ट बसतं; ते ५,००० मैलांच्या आत बदला. २००७ ते २०१३ च्या जेन फोर (चौथ्या पिढीच्या) इंजिनात ऑइल प्रेशर सेन्सरच्या खाली बारीक जाळी असते. ती गाळाने तुंबली की दाब खोटा कमी दिसतो. सेन्सर काढाल तेव्हा जाळी बदलाच.

आणि ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल मायलेजच्या नियमांसाठी आलेलं आहे. ६.२ चं पाहा. २०२५ च्या रिकॉलमध्ये तपासणीतून पास झालेल्या एल८७ इंजिनांत जीएमने जाड ०डब्ल्यू-४० भरायला सांगितलं. पातळ ऑइल लिफ्टर मारतं याला आणखी काय पुरावा हवा?

हेमीटिक
नाही, हे चालणार नाही. तो रिकॉल २०२१ ते २०२४ च्या एल८७ मधल्या कनेक्टिंग रॉड आणि क्रँकशाफ्टच्या दोषांचा होता. लिफ्टरचा तिथे संबंध नाही. जाड ऑइलची फिल्म दोष असलेल्या बेअरिंगला जास्त सांभाळून घेते, एवढाच त्याचा अर्थ. प्रत्येक बिघाड एकाच पोत्यात भरून ‘पातळ ऑइल’ असं लेबल लावणं थांबवा.

डिपस्टिक
मग कॉर्व्हेटच्या ६.२ लाही ०डब्ल्यू-४० कशाला?

हेमीटिक
ती ट्रॅकवर पळवायची गाडी आहे, तिथे ऑइल किती तापतं याचा विचार करा. आवाज चढवून तुलना बरोबर होत नाही. २०११ ते २०१४ च्या ५.३ बद्दल २०२२ मध्ये जीएमविरुद्ध लागलेला ज्यूरीचा निकालही लोक असाच एएफएमच्या नावावर खपवतात. तो खटला पिस्टन रिंगांचा आणि ऑइल पिण्याचा होता.

लिफ्टरबद्दल बोलायचं तर क्रायस्लरचं ५.७ हेमी इंजिन पाहा. तिथे एमडीएस ही तशीच यंत्रणाही १, ४, ६, ७ च बंद करतं, तरी रोलर जातात ते एमडीएस नसलेल्या सिलिंडरांतही. म्हणजे रोलरचा आजार पिनेवर अवलंबून नाही. आयडलबद्दल डिपस्टिक बरोबर आहेत, ऑइलच्या ग्रेडबद्दल नाहीत.

डिपस्टिक
ग्रेडसाठी दिलेलं रिकॉलचं उदाहरण मागे घेतो. ५,००० मैलांचा आकडा नाही.

पूर्णडिलीट
खात्री हवी असेल तर एकच मार्ग, यंत्रणा मुळापासून काढणे. पण लोक अर्धवट करतात आणि मग इंजिनाला दोष देतात. जेन फोरचं सांगतो. हेड दोन्ही उतरवावी लागतात, कारण लिफ्टर आणि गाइड त्याशिवाय निघत नाहीत. १६ साधे लिफ्टर, चार साधे गाइड, नवे हेड गॅस्केट. कॅमशाफ्ट बदलायलाच हवा. एएफएम कॅमचे १-४-६-७ चे लोब वेगळे असतात, त्यावर साधे लिफ्टर घालणं चूक आहे. व्हीएलओएमच्या जागी साधं व्हॅली कव्हर, त्याच्या खालच्या ओ-रिंगांसकट, नाहीतर ब्लॉकमधल्या ऑइलच्या तोंडांतून दाब गळतो. ऑइल पॅनमधला एएफएमचा रिलीफ व्हॉल्व्ह बंद करा. हेड बोल्ट ताणले जाणारे असतात, जुने परत वापरू नका: एम११ आधी २२ फूट-पौंड, मग ९० अंश, मग ७० अंश, आतले एम८ २२ फूट-पौंड. पुशरॉडची लांबी आणि प्रीलोड (लिफ्टर आत किती दबतो ते) मोजल्याशिवाय रॉकर कसू नका. शेवटी ईसीएमच्या (इंजिनाच्या संगणकाच्या) ट्यूनमध्ये एएफएम बंद करा, नाहीतर सोलेनॉइड सापडत नाहीत म्हणून चेक इंजिन लाइट लागेल.

फुलव्ही८
चांगल्या चाललेल्या इंजिनाला हे सगळं करणं म्हणजे पायाला खरचटलं म्हणून पाय कापणं. शिवाय वॉरंटीतल्या ट्रकचं काय? डिसेबलर काढला की ईसीएममध्ये कंपनीचंच सॉफ्टवेअर. ट्यून केलं की बदललेलं कॅलिब्रेशन तपासणीत दिसतं. १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याने बाहेरचा भाग लावला एवढ्यावरून वॉरंटी नाकारता येत नाही, पण बदलामुळेच बिघाड झाला असं दाखवायची संधी तुम्हीच का द्यायची? कॅलिफोर्नियात तर जुलै २०२१ पासून स्मॉग तपासणीत बदललेलं सॉफ्टवेअरही पाहतात.

पूर्णडिलीट
वॉरंटीत असताना डिलीट करू नये, हे मान्य. कॅलिफोर्नियाचंही मान्य. पण लोब खाल्ला गेल्यावर हेड खोलायचंच असतं, तेव्हा परत पिनेचेच लिफ्टर बसवणं मला पटत नाही.

व्हॅलीकव्हर
तिथे तुमच्याशी सहमत. आणि फुलव्ही८, पिनेसाठी डिसेबलर उपयोगी आहे हे मी मूळ पोस्टमध्येच लिहिलं होतं. माझा आक्षेप ‘जन्मभर मिटली’ या शब्दांना आहे.

फुलव्ही८
ते शब्द माझेही नाहीत. नव्या ट्रकवर लावायला काहीच हरकत नाही. लिफ्टरची टिकटिक सुरू झाल्यावर लावून उपयोग नाही, एवढं मान्य करतो.

हेमीटिक
टिकटिक सुरू झाली असेल तर आधी व्हॉल्व्ह कव्हर काढून इंजिन हाताने फिरवा आणि डायल गेजने प्रत्येक रॉकरची लिफ्ट मोजा. एखाद्याची जवळजवळ शून्य असेल तर पिन अडकली आहे. इतरांपेक्षा थोडी कमी भरली तर लोब झिजला आहे. मग फिल्टर कापा, घड्या उलगडा आणि चुंबक फिरवा. चुरा चिकटला तर नुसते लिफ्टर बदलून इंजिन बंद करू नका; कॅम, ऑइल पंप आणि बेअरिंगं पाहा, ऑइल कूलर धुवा. तो चुरा आत राहिला तर नवे रोलरही त्याच वाटेने जातील.