पहिल्या पिढीच्या संशोधकाला मार्गदर्शन कसे करावे?

प्रश्न: माझ्याकडे रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारी, घरातील पहिलीच पदवीधर असलेली विद्यार्थिनी प्रयोगात तरबेज आहे. मात्र साप्ताहिक बैठकीत इंग्रजीच्या धास्तीने ती तोंडच उघडत नाही. काय करावे?

उत्तर 1: तिला मराठीत मांडणी करू द्यावी. बैठकीच्या आदल्या दिवशी प्रयोगवहीतील एखाद्या आलेखावर तुम्हीच तिला उलटसुलट प्रश्न विचारावेत, म्हणजे चारचौघांत ती गडबडणार नाही.

उत्तर 2: पैशाचेही विचारा, कारण मुली ते आपणहून सांगत नाहीत. अनुसूचित जातीसाठी बार्टी, तर इतर मागासवर्गीयांसाठी महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थेची अधिछात्रवृत्ती (संशोधनासाठीचे अर्थसाहाय्य) असते.

उत्तर 3: यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार प्राध्यापक (प्रोफेसर) पदावरील मार्गदर्शकाला एका वेळी 8 संशोधक घेता येतात; सगळ्या जागा भरल्यावर आदल्या दिवशीची ही तयारी बहुधा ज्येष्ठ विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडते.