क्रिकेट ०७ चे पॅच बनवणारे एकेक करून गायब होऊन रायले, पुढं काय?

कपाशी_कव्हरड्राइव्ह:
रामराम मंडळी. दर्यापूर तालुक्यातल्या खेड्यातून लिहून रायलो, लाइन आहे तोवर टाकून देतो. ईए स्पोर्ट्सचा क्रिकेट ०७ हा कॉम्प्युटर गेम आला २००६ च्या नोव्हेंबरात, त्याच्यानंतर त्यायनं असा गेम काढलाच नाई, तरी आमच्याकडचे पोट्टे अजून तोच खेळतात कारण जुन्या डबड्या कॉम्प्युटरवर तोच चालते. मजा पाहा, आयपीएल सुरू झाली २००८ मध्ये, गेम तिच्यापेक्षा मोठा, अन् पोट्टे त्याच्यातच आयपीएल खेळून रायले! इंग्लंड-ऑस्ट्रेलिया सोडली तं बाकी टीमच्या खेळाडूंची नावंही तोडलीमोडलीच होती. खरी नावं, जर्सी, बॅट, चेहरे, सगळं कोण्या ना कोण्या पोरानं रात्र जागून बनवलं, त्यालेच पॅच म्हणतात.

आता झालं असं, मावसभावानं जुना लॅपटॉप घेतला, त्याच्यात टाकून द्यावं म्हणून एक जुना मोठा पॅच काढाले बसलो. चार भागांची रार फाइल, म्हणजे दाबून लहान केलेली, सगळे भाग जमल्याशिवाय उघडत नाई. पार्ट १, २ आणि ४ उतरले, पार्ट ३ ची लिंक मेली. तीन भाग घेऊन काय चाटू? सोबतच्या रीडमीत, म्हणजे सूचनांच्या टेक्स्ट फाइलीत, लिहिलं आहे, "माझ्या परवानगीशिवाय री-अपलोड करू नये." बनवणाऱ्याले मेसेज टाकला तं त्याचं शेवटचं लॉगिन २०१४ चं. परवानगी मागू कोणाले?

तं प्रश्न असा, काही गेमचे मॉड, म्हणजे खेळणाऱ्यायनं केलेले असे बदल, तीस तीस वर्षं टिकतात अन् काहीचे दहा वर्षांत काऊन मरतात?

पुसदकर_पिक्सेल:
भाऊ, डूम पाहा. १९९३ चा गेम, आजही लोक नवीन मॅप बनवून रायले. एक कारण सगळ्यांना माहीत आहे, मॅपची वॅड फाइल मूळ गेमपासून वेगळी होती आणि १९९७ मध्ये तो बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरनं सोर्स कोडच, म्हणजे गेमचा मूळ प्रोग्रामच, मोकळा केला, १९९९ ला तो जीपीएल या बदलायची-वाटायची मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली आला, म्हणून नवीन विंडोज येवो का अजून काही येवो, कोणीतरी गेम त्याच्यावर चालवून दाखवतोच.

पण मला विचाराल तर खरी गंमत त्यांच्या टेक्स्ट फाइलमध्ये आहे. आयडीगेम्स म्हणून त्यांचं जुनं भांडार आहे, तिथं मॅप द्यायचा तर सोबत एक ठरलेली टेक्स्ट फाइल भरून द्यावी लागते, तिच्यात नाव-गाव असतं आणि शेवटी परवानगीचा रकाना, ही फाइल दुसऱ्यानं वाटली तर चालेल का, याच्यावर नवीन मॅप बांधला तर चालेल का. माणूस जिवंत आहे, उत्साहात आहे, तेव्हाच त्याच्याकडून लिहून घेतात. म्हणजे सातबारावर वारसाची नोंद बाप असतानाच ठरवल्यासारखं झालं, नाहीतर पुढं काय होते ते आपल्याकडं सांगायला नको. वरून त्याच फाइली वेगवेगळ्या सर्व्हरवर मिरर केलेल्या, म्हणजे हुबेहूब प्रती ठेवलेल्या.

आपल्याकडं उलटं. फाइल एका फुकट होस्टिंगवर, परवानगी एका माणसाच्या डोक्यात. २०१२ च्या जानेवारीत मेगाअपलोड हे फाइली ठेवायचं होस्टिंग बंद पडलं तेव्हा त्याच्यावरच्या सगळ्या लिंका एका रात्रीत मेल्या होत्या, तरी आपण काही शिकलो नाही.

एक्स_मॉडर_वर्धा:
बोलणं सोपं आहे बावा. मी दोन वर्षं बॅट आणि पॅड बनवले. एक एक स्टिकर फोटोवरून कापून गेमच्या चित्रांच्या एफएसएच फाइलमध्ये बसवायचा, गेम सुरू करायचा, पाहायचं, हँडलवर रेष वाकडी दिसली की पुन्हा बंद, पुन्हा कापा. आणि मग दिसतं काय, तर एकानं माझं नाव खोडून स्वतःचं टाकलेलं, आणि तालुक्याच्या एका दुकानात माझ्याच पॅचची सीडी ३० रुपयाला. म्हणून लिहितात लोक "री-अपलोड करू नये", हौस नसते कोणाला.

२०२१ मध्ये नेक्सस मॉड्स या मॉड वाटायच्या साइटवर हाच वाद झाला होता. त्यांनी सांगितलं की इथून पुढं मॉड डिलीट केला तरी आमच्याकडं फाइल साठवलेली राहील, कारण कलेक्शनमधली, म्हणजे एकत्र चालणाऱ्या मॉडच्या यादीतली, एक फाइल गेली की सगळी यादी तुटते. ज्यांना पटलं नाही त्यांना महिनाभराची मुदत दिली, आणि बऱ्याच जणांनी आपलं काम काढून नेलं. माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर होते, आणि भुर्दंड खेळणाऱ्याला.

पुसदकर_पिक्सेल:
नाव खोडणारा नालायक आहे हे मान्यच. पण तुमच्या त्या ओळीनं त्याला अडवलं का? नाही ना. अडला कोण, तर हा दर्यापूरचा भाऊ, जो विचारून घेतो. चोर तसाच मोकळा आणि सरळ माणूस दारात उभा, असा नियम काय कामाचा. त्याच्याऐवजी असं लिहा, "सहा महिने उत्तर दिलं नाही तर माझं नाव ठेवून कोणीही टाकावं."

आर्वीची_ताई:
फाइलींचंच काय धरून बसले, शिकवायचं काय? मी माझ्या भावासाठी जर्सी बनवायला बसले तर सगळ्या जुन्या ट्युटोरियलमध्ये फोटोच्या जागी राखाडी चौकोन. २०१७ ला फोटोबकेट या फोटो ठेवायच्या साइटनं बाहेर फोटो दाखवायचे पैसे मागायला सुरुवात केली, तेव्हापासून असे किती धागे आंधळे झाले. "खाली दाखवल्याप्रमाणे इथे क्लिक करा", आणि खाली काहीच नाही.

आता जे काही शिकवतात ते डिस्कॉर्ड या चॅट अ‍ॅपवर. तिथलं सर्चमध्ये सापडत नाही, फाइलची लिंक बाहेर डकवली तर दिवसभरात एक्स्पायर होते, आणि तेच तेच प्रश्न रोज विचारणाऱ्या नवीन पोरांवर जुने लोक खेकसतात. पोरं मग कायले थांबतील? मी तीन आठवडे धडपडून जे समजलं ते मराठीत साध्या टेक्स्ट फाइलमध्ये लिहून ठेवलं आहे, फोटो त्याच झिपमध्ये. पाहिजे त्यानं घ्या, विचारू नका.

लोडशेडिंग_XI:
@कपाशी भाऊ, तुमचा पार्ट ३ माझ्याकडं एका डीव्हीडीवर आहे. ड्राइव्ह कापसाच्या गाडीसारखा घरघर करते पण वाचला एकदाचा. लिंक मेसेजमध्ये टाकली. रीडमीचं पाप माझ्या माथी.

कपाशी_कव्हरड्राइव्ह:
लोडशेडिंग भाऊ, लय उपकार! ताई, तुमची झिप बी उतरवली, वर्धेच्या भाऊचं दुखणंही समजलं, मी बनवलेल्या पॅचच्या रीडमीत आजच ते सहा महिन्यांचं वाक्य टाकतो.

पण चारही भाग जमल्यावर पहिल्यांदा फाइल उघडाले बसलो तं आता पासवर्ड मागून रायली. रीडमीत लिहिलं आहे "पासवर्ड आमच्या साइटच्या मुखपृष्ठावर". साइट कधीचीच बंद आहे. कोणाच्या जुन्या वहीत लिहून ठेवला आहे का बाप्पा?