महिन्याच्या किराण्यात मार्टच्या स्वतःच्या ब्रँडचं काय घ्यावं, काय नाही? (सांगली-मिरज)

नवी_सांगलीकर

नमस्कार मंडळी. नवऱ्याची बदली झाली म्हणून पुण्याहून सांगलीत आलोय, विश्रामबागेत राहतो. आम्ही दोघं, सासूबाई आणि पाचवीतला मुलगा. पुण्यात वाण्याकडे यादी टाकली की सामान घरपोच यायचं, त्यामुळे मार्टात उभं राहून निवडायची सवयच नाही. इथे बघते तर निम्म्या फळ्या मार्टच्या स्वतःच्या ब्रँडने भरलेल्या. डाळी, पोहे, रवा, बेसन, मसाले, लोणचं, सॉस, जॅम, कॉर्नफ्लेक्स, तूप, काही म्हणून सोडलेलं नाही. आणि नावाजलेल्या कंपन्यांपेक्षा सरळ सरळ स्वस्त.

सासूबाई म्हणतात, स्वस्त आहे म्हणजे कुठेतरी हात मारलेला असणारच. मुलाला कॉर्नफ्लेक्स जाहिरातीतलेच हवेत. मला महिन्याचं बजेट बसवायचंय. वापरून बघितलेल्यांनी सांगा: चवीला काय बरं, पैशाला काय परवडतं आणि कशाला हात लावू नये. दुकानांची नावं घ्यायची नाहीत हा इथला नियम माहीत आहे, सगळ्या मार्टांबद्दल मिळून सांगितलंत तरी चालेल.

मेसवाला_मिरज

ताई, मी मिरजेत मेस चालवतो. मेडिकलची पोरं जेवायला असतात. म्हणजे स्वस्तही पाहिजे आणि पोरांनी ताट सरकवायलाही नको. मार्टचा माल भरपूर वापरलाय.

मीठ, मैदा, साबुदाणा डोळे झाकून घ्या. साखरेला तर ब्रँड कसला आलाय, एस-तीस का एम-तीस एवढाच प्रश्न, आणि तोही दाण्याच्या आकाराचा. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून पाकिटावरच्या नावाला पैसे कोण देतंय! रवा घ्या, पण त्यांचा बारीक म्हणजे लैच बारीक. शिऱ्याला झकास, उपम्याचा गिचका होतो.

बेसनाचं सांगतो. महागातलं पाकीट आणि मार्टचं, दोन्हींची भजी एकाच कढईत तळून पोरांना घातली. एकालाही फरक कळला नाही. मार्टचं जरा रवाळ दळलेलं असतंय, त्यामुळं पिठल्यात गुठळी सांभाळावी लागते. लाडवाला मात्र तेच चांगलं, टाळ्याला चिकटत नाही.

पोहे जपून. जाडे पोहे घ्यायचे असतील तर पाकीट उभं धरून खालचा कोपरा बघा. तिथं भुसा जमलेला दिसला तर ठेवून द्या, भिजवले की लगदाच होणार.

शेंगदाणे अजिबात नकोत, पावसाळ्यात तर नकोच नको. आपल्याकडं आमटीपासून भाकरीबरोबरच्या चटणीपर्यंत सगळीकडं दाण्याचं कूट. एक खवट दाणा आख्खं पातेलं घालवतो. पेठेत मूठभर उचलून, दोन तोंडात टाकून मग घेता येतंय. पाकीट फोडून कोण चाखू देणार?

सांगलीची_पोर

भडंगाचं कुणी विचारलं नाही म्हणून आधीच सांगून ठेवते. मार्टच्या फळीवरचं भडंग विकत घेणाऱ्याचा सांगलीतला पत्ता रद्द करावा.

पेठेतला_माणूस

वरच्या मताला शंभर टक्के अनुमोदन 😄

नवी_सांगलीकर, मी गणपती पेठेत डाळ-कडधान्याच्या दुकानात कामाला आहे, त्यामुळे माझं मत कुठल्या बाजूचं हे आधीच समजून घ्या. तरी जे खरं ते सांगतो.

मार्टचा ब्रँड स्वस्त पडतो यात दरवेळी गौडबंगाल नसतं. जाहिरात नाही, मधले वितरक नाहीत, फळी त्यांचीच. मोठी कंपनी या सगळ्याचा खर्च पाकिटात धरते. माल बहुतेक वेळा मार्ट स्वतः बनवतही नाही, दुसऱ्याच कारखान्यातून भरून घेतं. तेव्हा "काहीतरी हात मारलाय" हे सासूबाईंचं म्हणणं सरसकट धरू नका.

पण डाळीचा हिशोब वेगळा. डाळीत प्रत असते. एकसारखी, न फुटलेली फटका तूरडाळ आणि तुकडा मिसळलेली डाळ यांच्या भावात किलोमागे चांगला फरक असतो, आणि पाकिटावर दोन्हींना "तूरडाळ" एवढंच लिहिलेलं असतं. मार्टातलं पाकीट स्वस्त दिसतं तेव्हा शेजारच्या महागड्या पाकिटाशी तुलना करू नका, हातातल्या डाळीकडे बघा. दाणा अर्धा-अर्धा फुटलेला दिसतो का? फार चकाकतो का? चकाकी पॉलिशची असते, चवीची नाही.

दुसरं, कर. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकीटबंद डाळी, तांदूळ, पीठ यांवर ५ टक्के जीएसटी आहे, मग पाकीट कुणाचंही असो. सुट्या मालावर तो नाही. म्हणजे पेठेतून सुटी डाळ घेतलीत तर तेवढा फरक तिथेच सुटला. पाच-दहा किलो घेणाऱ्याला तो जाणवतो. पाव किलो मसूर हवी असेल तर त्यासाठी पेठेत गाडी लावायला जागा शोधत फिरू नका, मार्टातूनच घ्या.

क्यूसी_कुपवाड

मी खाद्यपदार्थांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. कुठल्या ते विचारू नका. पेठेतले दादा म्हणाले तसं, आमच्याकडेही एकाच लाइनवरून दोन-तीन नावांची पाकिटं निघतात. मात्र लाइन एक म्हणजे माल एक असं धरू नका. मार्ट स्वतःची कृती आणि किंमत ठरवून देतं. त्या किमतीत बसवायला कधी काजू कमी होतात, कधी शेंगदाणा तेलाच्या जागी पामोलिन येतं. ते पाकिटावर लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही एवढंच.

मागची बाजू वाचायची कशी ते सांगते.

घटक जास्तीकडून कमीकडे, वजनाच्या क्रमाने लिहावे लागतात. सॉसच्या बाटलीवर पहिलं नाव पाण्याचं आणि दुसरं साखरेचं असेल तर टोमॅटो तिसरा आला हे समजून जा. आंब्याच्या लोणच्यात तेल कुठलं आणि ॲसिटिक ॲसिड किती पुढे आहे ते बघा. आंबट चव कैरीची नसून त्याची असते.

एक ग्रॅमची किंवा एक मिलिलिटरची किंमतही छापलेली असते. किलोपेक्षा मोठ्या पाकिटावर ती किलोची असते. तुलना त्याच आकड्याची करा. तेलाच्या पिशवीत हे फार महत्त्वाचं. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, पण दिसायला तेवढीच वाटणारी ८५० ग्रॅमची पिशवीही शेजारी असते. मार्टची पिशवी दहा रुपयांनी स्वस्त दिसली तर आधी वजन बघा.

बेसनाबद्दल मेसवाले दादांशी सहमत, फक्त एक जोड. कायद्याने बेसन म्हणजे निव्वळ हरभरा डाळीचं पीठ. पाकिटावर "भजी पीठ" किंवा तसलं काही नाव असेल आणि घटकांत वाटाणा दिसला तर ते बेसन नव्हे. त्यात बेकायदेशीर काही नाही, पण बेसनाचा भाव त्याला देऊ नका.

कराडकर_वैशाली

मुलांच्या खाण्याबद्दल मी लिहिते, कारण माझ्याकडे दोन परीक्षक आहेत आणि दोघंही निर्दय.

कॉर्नफ्लेक्स मार्टचेच घ्या. डब्यात ओतून ठेवा आणि खोकं आधी कचऱ्यात टाका. आमच्याकडे कुणाच्या लक्षातही आलं नाही. दुधात थोडे लवकर मऊ पडतात, एवढंच. पण शाळेच्या घाईत पोरं तितका वेळ वाडगा पुढ्यात ठेवतच नाहीत. नूडल्स नको, मसाल्याच्या पुडीला काही चवच नाही. ग्लुकोज बिस्किटं चालतात, क्रीमची नकोत. क्रीम दाताला लागतं मेणासारखं.

जॅमला नियमाने किमान ४५ टक्के फळ लागतं, पण स्ट्रॉबेरी आणि रास्पबेरीला २५ टक्केच पुरतं. मार्टच्या स्ट्रॉबेरी जॅमवर टक्का वाचा, बहुतेक जण त्या किमान रेषेवरच थांबलेले असतात. आपण महाबळेश्वरच्या पायथ्याशी राहणारी माणसं, वाई-पाचगणीकडे गेलात की तिथल्या छोट्या कारखान्यांचा आणा. महाग पडेल, पण चमच्यात फळाचे तुकडे येतात. मिक्स फ्रूट मात्र मार्टचा ठीक आहे, तो कुणाचाही घेतला तरी कशाची चव आहे ते कळत नाहीच.

राजमा मार्टातून घेऊ नका. कोरेगावचा वाघ्या घेवडा मिळाला तर तो घ्या, २०१६ साली त्याला भौगोलिक मानांकन मिळालंय. लवकर शिजतो आणि आमटी गोडसर होते.

पेठेतला_माणूस

वैशालीताई, एक भर. बिस्किटं, कॉर्नफ्लेक्स, नूडल्स, जॅम, सॉस, फरसाण, तूप या सगळ्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्क्यांवर आलाय. आधी काहींवर १२ होता, काहींवर १८. आधीचे भाव डोक्यात धरून तुलना करू नका.

आबा_हरिपूर

एवढं सगळं लिहिलं आणि हळदीचं कुणीच बोलत नाही? सांगलीत राहून?

बाई, हळद मार्टातून घ्यायची नाही, त्यांचीही नाही आणि मोठ्या कंपनीचीही नाही. अहो, देशभरातले व्यापारी हळद घ्यायला सांगलीच्या मार्केट यार्डात येतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळालं. आमच्या हरिपुरात जमिनीखाली पेवं होती, त्यांत हळद साठवायचे, आतल्या मालाला कीड लागत नसे. २००५ च्या महापुरात बरीचशी खचली.

करायचं असं. फेब्रुवारी ते मे नवा माल येतो. त्या दिवसांत राजापुरी हळकुंडं वर्षाला लागतील तेवढी घ्यायची. मोडून बघायचं, आतून गर्द केशरी-पिवळं दिसलं पाहिजे आणि मोडताना टणत्कार झाला पाहिजे. दळून आणायची आणि बरणीत भरून ठेवायची. पाकिटातली पूड कधी दळली ते तारखेवरून कळतं, त्या आधी हळकुंड किती दिवस पडून होतं ते कोण सांगणार? पूड जुनी झाली की रंग राहतो, वास जातो. फोडणीत टाकली की तेव्हाच समजतं.

तीच गत बेदाण्याची. सांगलीच्या बेदाण्याला मानांकन आहे, तासगावला सौदे निघतात, आणि मार्टात बेदाण्याचं पाकीट हातात घेतलं तर मागे पॅकिंगचा पत्ता वाशीचा! इथून मुंबईला गेला, पिशवीत बसला, परत इथे आला आणि जाण्या-येण्याचं भाडं आपण द्यायचं. सुटा घ्या. पिवळाधमक असतो त्याला गंधकाची धुरी दिलेली असते, खिरीत दिसायला छान. रोज पोराच्या हातावर ठेवायला हिरवट किंवा काळा बरा.

नवी_सांगलीकर

आबा, सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या आता तुमच्या पक्षात आहेत. 🙏

दोन गोष्टी राहिल्या. तूप आणि मसाले. गरम मसाला, गोडा मसाला, लाल तिखट मार्टचं कसं आहे?

क्यूसी_कुपवाड

तूप मार्टचं घेण्याआधी ते कोणी बनवलंय ते वाचा. एखाद्या डेअरीचं नाव असेल तर हरकत नाही, चवीला मवाळ असतं पण ठीक. कणी कमी दिसते म्हणून लगेच संशय घेऊ नका, थंड होण्याच्या वेगावरही ती अवलंबून असते. मात्र आपल्या भागात डेअऱ्यांना तोटा नाही, भिलवडी इथून हाकेच्या अंतरावर. फरक थोडाच असेल तर मी डेअरीचंच घेते. पुरणपोळीवर वाढायला घरचं लोणी कढवावं, या मताची मी आहे, पण ते सगळ्यांना जमतं असं नाही.

जिरं, मोहरी, धणे अख्खे मार्टचे घ्या, स्वच्छ असतात. पूड करून विकलेलं काही घेऊ नका. गोडा मसाला तर त्यांचा निव्वळ धण्याचा असतो, दगडफूल नावापुरतंच.

मेसवाला_मिरज

मी मेसला त्यांची धणेपूड वापरतो, चालते. घरात मात्र नाही. 😬

आणि लाल तिखट म्हणजे ताई तुम्ही अजून पुणेरीच आहात. इथं त्याला चटणी म्हणायचं. कांदा-लसूण घातलेली, डंकावर कुटलेली. मार्टात "कांदा लसूण मसाला" म्हणून जे मिळतंय त्यात मीठ पहिल्या तीन नावांत असतंय, वाचून बघा. मिठाला मिरचीचा भाव देणार का? रंगाला ब्याडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा गुंटूर, असं मिसळून घ्या. पोरगा लहान आहे तर ब्याडगी जास्त ठेवा. कांदा उन्हात कडक वाळवून, खोबरं-तीळ भाजून न्यायचं, लसूण तिथंच घालतात.

नवी_सांगलीकर

फ्लॅटमध्ये कांदा वाळवायला ऊन येत नाही हो, गॅलरी पूर्वेला आहे. मग?

मेसवाला_मिरज

वाळवलेला कांदा पेठेत तयार मिळतोय की. तो तेलात तांबूस तळून न्या. डंकाचा पत्ता व्यक्तिगत निरोपातून पाठवतो. मार्च संपायच्या आत जावा, एप्रिलात सकाळी सातला नंबर लावला तरी दुपार होते. मिरच्या देठ काढूनच न्या, तिथं काढत बसलात तर मागची माणसं पुढं जातात.