मदत हवी आहे: 'पुणे' शोधलं की 'पाणी' सापडतंय

मंडळी, नमस्कार. धागा तांत्रिक आहे, पण मराठी युनिकोडशी ज्यांनी झटापट केली आहे त्यांनी जरा लक्ष द्या. कोड डकवत नाही, तोंडीच सांगतो.

आमच्या वाचनालयाने जुने दिवाळी अंक आणि वार्षिक अहवाल स्कॅन करून एका वर्डप्रेस ब्लॉगवर चढवलेत. साधारण चौदाशे पानं असतील. स्कॅन म्हणजे नुसती चित्रं, आत मजकूर नाही, त्यामुळे शोधून काहीच हाती लागत नाही. ब्लॉगचं लॉगिन ज्या मुलाकडे होतं तो नोकरीनिमित्त गेला, आता फोनही उचलत नाही. माझ्याकडे आहे ती साइटमॅपमधून (साइटवरच्या सगळ्या पानांची यादी देणारी फाइल) काढलेली वेबपत्त्यांची यादी. पण पत्ते बोलके आहेत. डोमेन सोडून एक नमुना:

/२०१९/१०/कऱ्हाड-दिवाळी-अंक-१९७२/

(पहिले दोन आकडे मुळात इंग्रजी आहेत, शेवटचा देवनागरी.)

म्हटलं, यातूनच सूची करू. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत एक क्लास, म्हणजे कोडचा एक संच, लिहिला. त्याला पत्ता दिला की तो वर्ष, महिना आणि शब्द काढून देतो, आणि ते एसक्यूलाइट या डेटाबेसच्या एफटीएस५ तक्त्यात (शब्द शोधण्यासाठीचा खास तक्ता) जातात. आतलं काम साधं आहे: आधी अख्खा पत्ता अनकोट करायचा, म्हणजे टक्क्यांच्या चिन्हांची माळ जाऊन देवनागरी दिसते. मग तिरप्या रेघेवर तोडायचा. पहिला चार आकडी तुकडा ते वर्ष. शेवटच्या तुकड्यातून बॅकस्लॅश-डब्ल्यू-अधिक या रेगेक्सने (मजकुरातला नमुना शोधणारं सूत्र) शब्द वेचायचे.

गंमत अशी की 'नगर' शोधलं तर बरोबर येतं, 'वसई'ही येतं. 'पुणे' शोधलं की पुण्याच्या अंकांसोबत पाणीपुरवठ्याचे अहवाल येतात. 'सातारा' शोधलं तर 'सुतार आळी'चा अहवाल! दोन दिवस डोकं फोडतोय. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस, प्रोग्रामिंग हौसेपोटी शिकलोय, तेव्हा सांभाळून घ्या.

रेघोट्या:
नगर आणि वसई यांत एकाही व्यंजनाला काना, मात्रा, वेलांटी लागलेली नाही. तिथेच उत्तर आहे. पायथनच्या 're' मॉड्यूलला (म्हणजे आपलं 'आरई', रेगेक्स चालवणारं) तुमचं ते बॅकस्लॅश-डब्ल्यू म्हणजे अक्षर, अंक किंवा अंडरस्कोर एवढंच कळतं. युनिकोडमध्ये काना, उकार, अनुस्वार, हलन्त यांची गणना अक्षरांत होत नाही, ती 'मार्क' या वेगळ्या वर्गात. मग 'पुणे'चे तुकडे होतात 'प' आणि 'ण'. 'पाणी'चेही तेच. सातारा आणि सुतार दोन्ही 'स', 'त', 'र'.

गंमत म्हणजे त्याच पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला 'पुणे' हे नाव बिनदिक्कत देता येतं. नावाचे नियम वेगळे, रेगेक्सचे वेगळे. उपाय: देवनागरीचा पट्टा (युनिकोड क्रमांक यू+०९०० ते यू+०९७एफ) कंसात लिहून टाका. नाहीतर 'रेगेक्स' याच नावाचं बाहेरचं मॉड्यूल मिळतं, ते मार्कही शब्दात धरतं.

धागाकर्ता:
वा! पट्टा लिहिला. क्लासचं आउटपुट छापून पाहिलं, 'पुणे', 'दिवाळी' अखंड येतायत. तक्ता पुसून पुन्हा भरला. तरी पुणे शोधलं की पाणी येतंयच. आता काय?

तक्तेवाली:
काका, कापाकापी दोन ठिकाणी होतेय. तुम्ही क्लास दुरुस्त केलात, पण एफटीएस५ आत आलेला मजकूर स्वतःही तोडतं. त्याचा नेहमीचा टोकनायझर (मजकुराचे शब्द पाडणारा भाग) युनिकोड६१, आणि तो मुळात अक्षरं व अंक हेच वर्ग शब्दात धरतो. शोधशब्दही तसाच तुटतो, म्हणून 'पुणे' म्हणजे त्याच्या लेखी 'प' आणि लगेच पुढे 'ण'. त्यामुळे चूक दिसायलाही वेळ लागतो, कारण खरं पुणेसुद्धा सापडतंच!

तक्ता बनवताना टोकनायझरला 'कॅटेगरीज' हा पर्याय देता येतो. आधीच्या एल* (अक्षरं), एन* (अंक), सीओ (खासगी वापराची चिन्हं) यांच्या जोडीला एम* (मार्क) द्या. एसक्यूलाइट फार जुनं असेल तर हा पर्याय नसतो, ते आधी बघा. आणि तक्ता नव्याने बनवावा लागेल, नुसता पुन्हा भरून चालणार नाही.

धागाकर्ता:
झालं! पुण्यात पाणी नाही आता. (पुणेकरांनी हलकं घ्यावं.)

पण नवीन भानगड. कऱ्हाडचे एकतीस पत्ते मी डोळ्यांनी मोजलेत, शोधात येतात बाराच. उरलेल्यांचे शब्द बघितले तर मधोमध तुटलेत, 'कर्' आणि 'हाड'. हाड म्हणे!

रेघोट्या:
हाहा, ही माझ्याच सल्ल्याची चूक. कऱ्हाडमधला तो आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, नुक्तावाला (खाली टिंब असलेला) ऱ (यू+०९३१) आणि हलन्त. दोन, साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं चिन्ह (यू+२००डी). दोन्ही दिसायला हुबेहूब. तो जॉइनर देवनागरीच्या पट्ट्यात बसत नाही, म्हणून मी दिलेला रेगेक्स तिथेच कात्री लावतो. एफटीएस५सुद्धा लावेल, कारण तो अक्षरही नाही आणि मार्कही नाही.

युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) इथे अर्धंच कामी येतं. र आणि सुटा नुक्ता असे दोन तुकडे असतील तर ते जोडून ऱ होतो, पण जॉइनरवालं रूप ते शिवत नाही. म्हणून क्लासमध्ये एक पायरी घाला: 'र, हलन्त, जॉइनर' दिसलं की त्याजागी 'ऱ, हलन्त', मग एनएफसी, मगच शब्द वेचा. आणि हीच पायरी शोधशब्दावरही चालवा. लोक नेमकं ते विसरतात. दुसऱ्या, तऱ्हा, गोऱ्हे, सगळ्यांना हा त्रास आहे.

जुनं खोड:
मुळातच एक विचारतो. या क्लासच्या हाती पत्त्यातून जे लागतं त्यावर विश्वास किती ठेवणार? सुरुवातीचं २०१९ हे पोस्ट चढवल्याचं वर्ष, अंकाचं नव्हे. अंक १९७२चा आहे. तुमचा क्लास पहिला चार आकडी तुकडा 'वर्ष' म्हणून घेतोय, म्हणजे अख्खं वाचनालय २०१९ सालचं. दोन वेगळे रकाने करा. मागचं वर्ष देवनागरी आकड्यांत असलं तरी हरकत नाही, पायथनचं इंट (मजकुराचा आकडा करणारं) '१९७२' सरळ वाचतं. फक्त रेगेक्समध्ये शून्य-ते-नऊ हा इंग्रजी पट्टा लिहू नका, बॅकस्लॅश-डी (कुठल्याही लिपीतला अंक) लिहा.

दुसरं. वर्डप्रेस स्लग (पत्त्याचा शेवटचा, नावाचा तुकडा) टक्केवाल्या रूपात साठवतं आणि त्याला २०० चिन्हांची मर्यादा. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट, प्रत्येक बाइटची टक्क्यासकट ३ अक्षरं, म्हणजे एकाला ९. हिशेब करा: काना-मात्रा धरून जेमतेम २२ चिन्हं. लांब नावाच्या शेपट्या केव्हाच कापल्या गेल्यात, आणि वर्ष नेमकं शेपटीत असतं. अशा पत्त्यांसाठी पान उघडून शीर्षक घ्या.

तिसरं, अनकोट आधी आणि तोडणं नंतर हा क्रम उलटा करा. वेबपत्त्यांचं मानक आरएफसी ३९८६ हेच सांगतं, आधी भाग पाडा, मग प्रत्येक भाग एकदाच उलगडा. नाहीतर स्लगमध्ये दडलेली तिरपी रेघ उगाच नवा भाग होऊन बसते.

धागाकर्ता:
शेपट्यांचं खरं निघालं. यादीतले बरेच पत्ते 'वार्षिक-अहवाल-सन-एकोणीसश' असल्या ठिकाणी अर्धवट संपतात. मला वाटत होतं मुलगा टाइप करता करता झोपला. शीर्षकं पानांवरून घेतोय, सर्व्हरला त्रास नको म्हणून दर पानामागे दोन सेकंद थांबून.

कऱ्हाडचे एकतीसच्या एकतीस आले. पण शीर्षकांतून आता 'कराड'ही निघालं.

तक्तेवाली:
त्याला नॉर्मलायझेशन पुरणार नाही काका, गावांचा वेगळा तक्ताच लागेल. एका गावाचा एक आकडा आणि त्याची सगळी रूपं त्याच्याखाली. तुमच्या जुन्या अंकांत औरंगाबाद आणि अहमदनगर असणार, वाचक मात्र छत्रपती संभाजीनगर आणि अहिल्यानगर शोधणार. क्लासने नुसता शब्द न देता गावाचा आकडाही द्यावा.

धागाकर्ता:
बसतो मग यादी करायला. ज्यांच्या गावाचं नाव दोन-तीन तऱ्हांनी लिहिलं जातं त्यांनी इथे टाकत जा. जॉइनर असला तरी चालेल, आता त्याचा बंदोबस्त झालाय.