वरचा आकडा सोडून देऊ नका

ताई, वडिलांचं बीपी १६५/७० येतं, पण 'खालचं नॉर्मल आहे, वयोमानाने वरचं वाढतंच' म्हणून घरचे निर्धास्त आहेत, असं तुम्ही लिहिलंय. कृपया डॉक्टरांना दाखवा. वयाबरोबर मोठ्या रक्तवाहिन्या कडक होतात, म्हणून वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरतो. साठीनंतर पक्षाघात आणि हृदयविकाराचा धोका वरच्याच आकड्यावरून जास्त कळतो.

आमच्या आईचं बीपी नाशिकच्या थंडीत हमखास चढतं. त्या दिवसांत आम्ही घरीच मोजतो: सकाळी चहाआधी, पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसवून, पट्टा दंडाला, हात छातीच्या पातळीत. मग उभं करून पुन्हा एकदा. गोळ्यांनी उभं राहताना बीपी एकदम उतरलं तर तोल जातो, आणि या वयात खुब्याचं हाड मोडणं फार महागात पडतं. तरी गोळी मनाने बंद करायची नाही.

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं. मिसळीवरचं फरसाण, पापड, लोणचं यातलं मीठ कुणी धरतच नाही!

आणि वडिलांना मधुमेह असेल तर छातीत न दुखताही झटका येऊ शकतो. गोदापार्कवर फिरताना रोजच्याच अंतराला अचानक धाप लागली, दरदरून घाम फुटला, तर पित्त समजून सोडा देत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.